माझ्या जागी उभा राहिलेला माणूस

मी एक जुना कापडी पहारेकरी आहे. शेतात पाखरांना घाबरवायला बुजगावणं असतं ना, त्याच जातीचा. पण शेत मी कधी पाहिलं नाही आणि पाखरं मला घाबरत नसत. मी एका मालवाहू जहाजाच्या मागच्या टोकाला उभा असायचो आणि माणसांना घाबरवायचो. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकायला आलात, बसा. फक्त समोर बसा, मागे नको. पाठीमागे कुणी असलं की मला अजून चैन पडत नाही. आणि तो खांबाला टेकून उभा आहे ना, त्याने खिशातले हात बाहेर काढलेले बरे.

हसू नका. संशय घेणं हेच माझं काम होतं आणि त्याच कामासाठी मला बनवलं होतं.

आमच्या वाटेवर एक अरुंद समुद्र लागायचा. त्या वर्षी तिथे मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू झाले. किनाऱ्यावरच्या बंदूकधारी टोळ्या कधी आकाशातून स्फोटकं भरलेलं यंत्र सोडत, तर कधी वेगवान होड्यांतून येऊन जहाजाला शिड्या लावत. त्यांचं कुणाशी तरी वैर होतं आणि त्या वैऱ्याची जहाजं सोडणार नाही असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. आता जहाज कुणाचं हे ओळखायचं कसं? आमचंच घ्या. झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशातला, माल तिसऱ्याचा, विमा चौथ्याचा आणि खलाशी जिथून मिळाले तिथून. स्वयंपाक्याने एकदा कप्तानाला विचारलं, "साहेब, आपण नक्की कुणाचे?" कप्तान म्हणाला, "कंपनीला विचारून सांगतो." ते उत्तर अजून आलेलं नाही.

मग निरनिराळ्या देशांनी आपापल्या युद्धनौका त्या समुद्रात धाडल्या. बैठका झाल्या, निषेध झाले, नकाशावर एक पट्टा आखला गेला. मालवाहू जहाजांनी ठरल्या जागी जमायचं, एकामागून एक रांगेने निघायचं आणि आगेमागे युद्धनौका राहणार, अशी व्यवस्था झाली. ऐकायला छान वाटतं. पण रांग मैलोन्‌मैल लांब आणि युद्धनौका मोजक्या. मधल्या जहाजांनी आपलं आपण बघायचं होतं. म्हणून कठड्यांना काटेरी तार गुंडाळली गेली, पाण्याच्या जोरदार नळ्या बाहेरच्या दिशेने बांधल्या गेल्या आणि लांबून खरे वाटतील असे पहारेकरी बनवायचा हुकूम आला. त्या हुकुमातून माझा जन्म झाला.

मला सारंगाने बनवलं. डेकवरच्या खलाशांचा जो म्होरक्या असतो त्याला सारंग म्हणतात. आमचा सारंग आडवातिडवा, पांढऱ्या मिशीचा आणि स्वभावाने माझ्याहून संशयी होता. भांड्यात साखर कमी दिसली तर आधी तो सगळ्यांच्या मिशा बघायचा. त्याने एक जुना निळा बॉयलर सूट, म्हणजे कामावरचा अंगभर एकसंध कपडा, घेतला, त्यात इंजिनखोलीतल्या चिंध्या ठासून भरल्या, उशीच्या अभ्र्याचं डोकं केलं, त्यावर काळा चष्मा आणि पिवळं हेल्मेट चढवलं आणि तोंडावर ऊन लागू नये म्हणून माणसं बांधतात तसं फडकं बांधलं. उजव्या हातमोज्यात एक लोखंडी पाइप बांधून दिला. लांबून ती बंदूक दिसायची.

तो बॉयलर सूट फिटरचा होता. फिटर म्हणजे जहाजावर पाइप जोडणारा, वेल्डिंग करणारा, मोडलं ते धरून बसवणारा माणूस. आणि हा फिटर सारंगाचा सख्खा जावई होता. मला कठड्याशी उभं केलं तेव्हा स्वयंपाकी म्हणाला, "सारंग, जावयाचा पेंढा भरलात की काय?" सगळे हसले. सारंग हसला नाही आणि फिटर जरा जास्तच हसला. कामावर सारंग त्याला 'अरे फिटर, इकडे ये' म्हणायचा आणि जेवायला बसल्यावर 'अहो, घ्या ना अजून' म्हणायचा. पण दोन्ही वेळा त्याच्याकडे बघायची नजर एकच होती. मुलीने हा मुलगा स्वतः पसंत केला होता आणि बापाला त्यात काहीतरी खोट दिसत होती. कुठली ते त्याला सांगता येत नव्हतं, म्हणून तो शोधत होता.

मी नुसता उभा राहतो आणि सगळ्यांवर नजर ठेवतो म्हणून खलाशांनी माझं नाव 'मुकादम' ठेवलं. ते माझे चांगले दिवस होते. एकदा दोन होड्या आमच्या दिशेने आल्या, बराच वेळ मागे मागे राहिल्या आणि वळून गेल्या. कप्तान म्हणाला, "मुकादमाला चहा द्या." सारंगाने खरंच माझ्या बुटांपाशी कप ठेवला. समुद्र सुरक्षित झाला की मात्र मला रंगाच्या डब्यांमागे फेकून देत. तिथे माझ्या पोटातल्या चिंध्यांना बुरशी यायची. पुन्हा ती अरुंद वाट जवळ आली की मला झटकून, पोटात नव्या चिंध्या कोंबून उभं केलं जाई. गरज सरली की कोण कुणाला विचारतो, हे मी तेव्हाच शिकलो.

आता त्या खोलीबद्दल सांगतो, कारण सगळं तिच्यापाशी येऊन अडतं. जहाजाच्या पोटात, इंजिनाच्या बाजूला एक लोखंडी खोली होती. जाड दार, आतून चाक फिरवून बंद होणारं. खलाशी तिला तिजोरी म्हणत. बंदूकधारी जहाजावर चढले की सगळ्यांनी तिजोरीत शिरायचं, आतून इंजिन बंद करायचं आणि वायरलेसवरून युद्धनौकेला बोलवायचं. तिचे दोन नियम होते. पहिला, सगळेच्या सगळे आत असतील तरच युद्धनौकेचे सैनिक जहाजावर उतरणार. एक जरी बाहेर राहिला तरी ते थांबणार, कारण त्या एकाच्या डोक्याला कुणी बंदूक लावून बसलेला असू शकतो. दुसरा नियम असा की एकदा चाक फिरवलं की बाहेरून कुणीही ठोकलं तरी दार उघडायचं नाही. ठोकणारा ओळखीचा असला तरी नाही. त्याच्या पाठीशी कोण आहे हे आतून दिसत नाही.

त्या फेरीच्या आधी रांगेतली दोन जहाजं नेमकी अशा वेळी गाठली गेली की युद्धनौका लांब होती. बातम्यांत म्हणू लागले की जहाजांवरूनच कुणीतरी खबर देतं. झालं. आमच्या जेवणघरातलं बोलणं एकदम कमी झालं. जो तो दुसऱ्याच्या फोनकडे बघायला लागला. आणि सारंगाने बघायचं ठरवलं होतं ते एकाच फोनकडे.

फिटर रोज, कधी सकाळी कधी संध्याकाळी, एकटा मागच्या टोकाला यायचा. आधी इकडेतिकडे बघायचा. मग फोन काढायचा, माझ्या दिशेने धरायचा, माझा हात वर करायचा, मान वाकडी करायचा, पुन्हा फोन धरायचा आणि स्वतःशी हसायचा. माझ्यामागे काय असायचं? समुद्र, सूर्य आणि रांगेतलं मागचं जहाज. तो नक्की कशाचे फोटो काढतोय, हे मलाही कळेना. माझं काम लक्षात घ्या. मला तो माणूस पटेना. त्याचेच कपडे अंगावर असूनही पटेना.

एका सकाळी सारंगाने त्याला पकडलं.

"काय चाललंय?"

"काही नाही मामा. असंच."

"असंच म्हणजे?"

"घरी पाठवायला."

"घरी समुद्र पाठवतोस? दाखव."

फिटर लाजल्यासारखा झाला आणि त्याने फोन खिशात टाकला. "तुम्हाला नको. तुम्ही रागवाल."

सारंगाला आणखी काय हवं होतं? त्याने हात पुढे केला. फिटरने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि फोन त्या हातावर ठेवला. सारंग तडक कप्तानाकडे गेला. त्या अरुंद पट्ट्यातून बाहेर पडेपर्यंत फिटरला इंजिनापासून, वायरलेसपासून लांब ठेवायचं ठरलं. सारंगाने त्याला जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला, नांगराच्या साखळीपाशी गंज खरवडायला पाठवलं. जहाजावर तिजोरीपासून त्याहून लांब जागा नव्हती.

होड्या दुपारच्या आधी आल्या. मला त्या सगळ्यांच्या आधी दिसल्या, पण मला ओरडता येत नाही. भोंगा झाला, नळ्यांचं पाणी सुटलं, कप्तानाने जहाज डावीउजवीकडे वळवून पाहिलं. तरी एक शिडी काटेरी तारेवर गोणपाट टाकून अडकलीच. पहिला बंदूकधारी कठड्यावरून आत आला, त्याने मला पाहिलं आणि गोळी झाडली. ती माझ्या पोटातून आरपार गेली. मी पडलो नाही, याचंच त्याला जास्त नवल वाटलं असावं. तो जवळ आला, त्याने बोटाने माझा चष्मा वर केला आणि खो खो हसला. मागून आलेल्या दोघांनाही त्याने मला दाखवलं. ते हसत हसत वर कप्तानाच्या खोलीकडे धावले आणि मला विसरले. जन्मात पहिल्यांदा माझा कुणाला धाक वाटला नाही.

तिजोरीपाशी काय झालं ते मला तेव्हा दिसलं नाही. ते नंतर खलाशी माझ्या पायाशी बसून तेच तेच बोलत, त्यातून कळलं. सगळे आत शिरले होते, एक सोडून. कप्तान म्हणाला, "फिटर?" सारंग म्हणाला, "येणारा आला असता." आणि त्याने चाक फिरवलं. थोड्या वेळाने दारावर ठोकलं गेलं. दोनदा, थांबून पुन्हा दोनदा. मग हाक आली, "मामा, मी आहे." सारंग चाकावर हात ठेवून उभा राहिला. स्वयंपाकी पुढे झाला तर त्याने त्याला खांद्याने मागे ढकललं. "नियम आहे," तो म्हणाला. वरच्या जिन्यावर बुटांचा आवाज आला आणि ठोकणं थांबलं.

फिटर तिथून एका हवेच्या नळकांड्यातून सरपटत निघाला आणि बाहेर आला तो माझ्यापाशी. कोपरं सोलवटलेली, छाती भात्यासारखी चाललेली. लपायला जागा नव्हती. मागच्या टोकाला दोरखंडाचं एक मोठं चक्र होतं आणि त्याच्याखाली माझ्याएवढं चिंध्यांचं गाठोडं मावेल इतकीच पोकळी होती. हाडामांसाचा माणूस तिथे शिरू शकत नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा मला समुद्रात ढकलणार. पण त्याने माझं हेल्मेट काढलं, चष्मा काढला, फडकं सोडलं, मला दुमडून त्या पोकळीत कोंबलं आणि माझं हेल्मेट, चष्मा, फडकं सगळं चढवून, पाइप हातात धरून माझ्या जागेवर उभा राहिला. अंगात बॉयलर सूट होताच, माझ्यासारखाच निळा. मुकादम खोटा आहे हे त्या लोकांना एकदा कळलेलं होतं. त्यामुळे त्याच्याकडे आता कुणीही बघणार नव्हतं.

मित्रांनो, आयुष्यभर मी माणसासारखं दिसायची धडपड केली. त्या दिवशी एक माणूस माझ्यासारखं दिसण्यासाठी जिवाचं रान करत होता, आणि मला चक्राखालून फक्त त्याचे बूट दिसत होते. ऊन डोक्यावर आलं, कललं. बंदूकधारी त्याच्या शेजारून गेले. एकाने तर त्याच्या हेल्मेटवर टिचकी मारली. त्याच्या सुटाच्या बाहीतून घामाचे थेंब लोखंडावर पडत आणि वाळून जात. मध्येच तो एक पाय उचलून दुसऱ्या पोटरीवर घासायचा आणि पुन्हा गप्प उभा राहायचा. तेव्हाही माझं मन म्हणत होतं, कुणाची तरी वाट बघतोय हा. नाहीतर एवढा वेळ कोण उभं राहतं?

तिकडे तिजोरीत हवा जड झाली होती. बंदूकधाऱ्यांना फिटरच्याच कामाच्या खोलीत लोखंड कापायची ज्योत सापडली होती आणि ते दार कापत होते. युद्धनौका दुरून घिरट्या घालत होती. कप्तानाने खरं ते सांगून टाकलं होतं की एक माणूस बाहेर आहे. वायरलेसवरचा आवाज म्हणाला होता, मग आम्ही थांबतो.

संध्याकाळ होत आली तेव्हा तो आवाज पुन्हा आला. "दार तुटेपर्यंत थांबता येणार नाही. तुमच्या मागच्या टोकाला एक पुतळा आहे ना? सकाळच्या आमच्या फोटोत त्याच्या उजव्या हातात नळी होती. आता डाव्या हातात आहे. त्यांच्यातला कुणीतरी पुतळ्याच्या जागी उभा आहे. आमचं हेलिकॉप्टर जवळ आलं की तो गोळीबार करणार. आधी त्याला उडवावं लागेल, मगच आम्हाला येता येईल."

कप्तान म्हणाला, "तो आमचा माणूस असू शकतो."

"असू शकतो की आहे? आणि असलाच तरी तो तुमच्या बाजूचा आहे का?"

कप्तानाने सारंगाकडे पाहिलं. दाराच्या कडेला लोखंड लाल व्हायला लागलं होतं. "सारंग, त्याच्याबद्दल सकाळी तूच येऊन सांगितलंस. आता तूच बोल. तू म्हणशील ते मी कळवतो."

सारंग 'आपलाच' म्हणाला आणि तो माणूस दगाबाज निघाला, तर वर येणारे सैनिक मरणार आणि मागोमाग तिजोरीतले सगळे. नाही म्हणाला, तर मुलीचा नवरा त्याच्या शब्दाने मरणार. शेवटी तो म्हणाला, "त्यांना विचारा, तो उभा कसा आहे?"

उत्तर आलं, "बहुतेक वेळ हलत नाही. अधूनमधून एक पाय उचलून दुसऱ्या पोटरीवर घासतो."

सारंगाने डोळे मिटले. लग्नाच्या बोलणीला आला होता तेव्हाही तो असाच दारात उभा राहून पोटरी घासत होता, आणि तेव्हापासून ती खोड सारंगाच्या डोक्यात जात होती. "ते माझे जावई आहेत," तो म्हणाला.

"आणि आपल्या बाजूचे?"

"आपल्याच बाजूचे. गोळी घालू नका म्हणावं."

"त्याने दगा दिला तर?"

"तर मी दिला असं समजा."

कप्तानाने ते तसंच कळवलं. बाहेरचा माणूस कुठे आहे आणि त्याच्याजवळ कुणी नाही हे कळल्यावर युद्धनौकेला थांबायचं कारण उरलं नाही. हेलिकॉप्टर खाली आलं, दोरावरून सैनिक आधी माझ्या जागेवरच उतरले आणि त्यांनी फिटरच्या चहूबाजूंनी कडं केलं. त्याचे पाय इतके आखडले होते की त्याला खाली बसता येईना. दोघांनी त्याला धरून बसवलं. मग एका सैनिकाची नजर चक्राखाली गेली. त्याने माझ्यावर बंदूक रोखली आणि हात वर करून बाहेर यायला फर्मावलं. मी आलो नाही. त्याने पुन्हा फर्मावलं. शेवटी फिटरच कसाबसा म्हणाला, "तो मुकादम आहे, त्याला सोडा." इतकं चांगलं माझ्याबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं. बंदूकधाऱ्यांपैकी काहींनी हत्यारं टाकली, काही होडीतून पळाले आणि पुढे पकडले गेले. कोणत्या देशाने त्यांना न्यायचं यावर मात्र पुढे पुष्कळ दिवस वाद चालला.

दुसऱ्या दिवशी सारंग फिटरला शोधत माझ्यापाशी आला. फिटर माझ्या पोटातलं भोक शिवत बसला होता. सारंगाने फोन परत दिला. फिटरने तो उघडून त्याच्याच हातात ठेवला. "बघा आता. रागवायचं तर रागवा."

सगळे फोटो माझे होते. कुठे माझा हात कमरेवर, कुठे बोट वर केलेलं, कुठे मान तिरकी. खाली बायकोसाठी लिहिलेलं होतं, 'तुझे बाबा हजेरी घेताना.' 'तुझे बाबा, चहाला उशीर झाला म्हणून.' 'तुझे बाबा, माझ्याकडे प्रेमाने बघताना.' सारंग एकेक फोटो बघत गेला. एका फोटोला त्याला हसू आलं आणि हसता हसताच त्याने चेहरा समुद्राकडे फिरवला.

फिटरने दोरा तोडला. "मामा, माझं ठोकणं ओळखलं होतं ना तुम्ही?"

"ओळखलं होतं."

"दार नियम म्हणून बंद ठेवलंत की माझ्यावर संशय होता म्हणून?"

सारंगाने फोन माझ्या बुटांपाशी ठेवला. "संशय होता म्हणून," तो म्हणाला. "नियम तोंडाने म्हणालो. मनात तो नव्हता."

फिटरने मान हलवली. सुई नीट कापडात खोचून ठेवली. मग म्हणाला, "घरी गेल्यावर तिला नियमच सांगा."

पुढच्या बंदरावर तो उतरला आणि पुन्हा जहाजावर आला नाही. सारंगानेही नंतर समुद्र सोडला. मी मात्र बरीच वर्षं जहाजावर पडून राहिलो, आणि आता या प्रशिक्षणाच्या शाळेत भिंतीला टेकून उभा आहे. इथे नव्या खलाशांना तिजोरीचं दार लावायला शिकवतात. माझ्या डोक्याचा अभ्रा विरलाय, चष्म्याची एक काच गेलीय. एखाद्याने दोन टाके घातले तर बरं होईल. पण पोटावरची जुनी शिवण कुणी उसवू नका, ती त्याच्या हातची आहे.

आणि मित्रांनो, संशय घेऊ नका असं मी म्हणणार नाही. मी कोण सांगणारा? दार बंद करा, ठोकलं तरी उघडू नका, नियम बरोबर आहे. फक्त भोंगा झाला की चाकाला हात लावायच्या आधी, ज्याला तुम्ही स्वतः सगळ्यात लांब पाठवलंय, त्याला पहिली हाक मारा.